लोणच्याच्या वासाचं मार्क्सकार्ड

आमच्या वडगावच्या घराला दोन खोल्या होत्या. मोठीत दोन माग राहायचे आणि लहानीत आम्ही पाच माणसं. माग चालू असले की भांड्यांची मांडणी थरथरायची आणि माझी धाकटी भावंडं त्या थरथरीवरच झोपायची. आवाज थांबला की उठून रडायची. लाइट गेली की माग बंद, आणि माग फार दिवस बंद राहिले की आमटीत डाळ बोटानं शोधावी लागायची. सुताचा बारीक कापूस हवेत तरंगायचा. तो भाकरीच्या पिठात असायचा, केसांत असायचा, आईच्या खोकल्यात असायचा. सुताला लावलेल्या खळीचा आंबूस वास आमच्या अंथरुणांना होता, दप्तरांना होता. शाळेत माझ्या शेजारी बसणारी पोरगी नाकाला रुमाल लावायची. मी तिला एकदा विचारलं, "लग्नात तुझी आई साडी नेसती न्हवं? तिला बी ह्योच वास असतोय पहिल्यांदा." त्यानंतर तिनं जागा बदलून घेतली.

मी सहा वर्षांची असल्यापासून कांड्या भरायचे. कांडी म्हणजे मागावर आडव्या धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची गुंडाळी. सूत बोटाच्या एकाच पेरावरून सरकत राहतं आणि तिथं कायमची चीर पडते. माझी अजून आहे. आईनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगावरच्या साड्यांच्या कांड्या भरल्या आणि स्वतः दोन साड्यांवर वर्ष काढलं. आप्पा चौथी शिकलेले. आमच्या घराण्यात सातवीच्या पुढं कोण गेलेलं नव्हतं. हे सांगताना मला लाज वाटत नाही. लाज वाटण्यासारखं पुढं आहे आणि ते आमच्याकडून झालेलं नाही.

हे सगळं परवा वर आलं ते लोणच्यामुळं.

रूपाच्या लग्नाला गेले होते. रूपा बोरगावची, निपाणीच्या पोलीस ठाण्यात कॉन्स्टेबल आहे. त्याआधी ती आमच्या संघाची गोलकीपर होती. लग्न निपाणीच्या रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात. पत्रिकेवर कार्यालयाचं नाव वाचलं तेव्हाच मी तिला फोन केला होता. "तुला दुसरी जागा घावली न्हाय व्हय गं?"

"मी कुठं ठरवलंय?" ती म्हणाली. "तिकडच्या लोकांनी बुकिंग केलंय. ये तू गप. एकदा तरी त्या खोलीत नटून बसायचंय मला."

ती खोली म्हणजे 'वधूपक्ष'. दारावर लाल अक्षरांत तसंच लिहिलेलं. एका हंगामात आम्ही वीस पोरी त्या दारामागं राहिलो. समोरच्या 'वरपक्ष' खोलीत मॅनेजर आणि डॉक्टर म्हणवून घेणारा एक माणूस. कोचबाई गावात भाड्यानं राहायच्या. महिला फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये आमच्या भागातून नवा क्लब उतरला होता. क्लबचं नाव मी लिहीत नाही, तोंडाची चव जाते. राहायची सोय म्हणून त्यांनी हे कार्यालय धरलं होतं, तेही अशा बोलीवर की मुहूर्त असला की पोरींनी जागा रिकामी करायची. मग आम्ही गाद्या, बूट, बॅगा घेऊन मागच्या भांड्यांच्या खोलीत. बाहेर अक्षता पडायच्या आणि आम्ही वीसजणी काळ्या पडलेल्या हंड्यांना टेकून बसायचो. संध्याकाळी परत वधूपक्षात. गादीखाली चिरडलेली झेंडूची फुलं, बेसिनमध्ये कुणीतरी खाल्लेलं ओकून ठेवलेलं, आरशावर टिकल्या. रूपा त्या टिकल्या काढून आपल्या कपाळाला लावायची आणि म्हणायची, "आज माझं लगीन झालं, उद्या तुझं."

परवा खरंच तिच्या कपाळाला मुंडावळ्या होत्या. मी आत गेले तशी तिनं मेंदीचा हात वर करून जेवणघराच्या भिंतीकडं दाखवलं. "खिळा बघितलास? अजून हाय."

मी बघितला.

पण त्या हंगामातलं सगळंच घाण होतं असं नाही. पहाटेचं सांगते. थंडीत हायवेच्या बाजूच्या रस्त्यावर आम्ही पळायचो. धुकं असं असायचं की पुढच्या पोरीचे फक्त बूट दिसायचे. उसाचे ट्रॅक्टर शेजारून जायचे, दोन दोन ट्रॉल्या, वर गाणं लावलेलं. रूपा पळता पळता लोंबणारा ऊस धरायची आणि ट्रॅक्टर पुढं जाईल तसा ऊस तिच्या हातात राहायचा. मग पुलाच्या कठड्यावर बसून आम्ही दातांनी सोलायचो. गुऱ्हाळाच्या धुराचा गोड जळका वास यायचा. रूपाच्या किटबॅगेला तंबाखूचा वास होता, कारण तिच्या घरात बॅग ठेवायला जागा तंबाखूच्या बोदांवरच, म्हणजे पोत्यांवरच. तिची आई विड्या वळायची. माझ्या बॅगेला खळीचा वास. आम्ही दोघी बॅगा शेजारी ठेवायचो, म्हणजे एकीला दुसरीचा वास येत नाही असं आमचं ठरलं होतं.

आणि चेंडू. दव पडलेल्या गवतावरून चेंडू येतो तेव्हा तो आवाज करत नाही, नुसता फवारा उडवतो. पायाच्या आतल्या बाजूला लागला की ओल नडगीपर्यंत चढते. मी उजव्या बाजूनं खेळायचे, सात नंबर. समोरून पास येताना मला आधीच कळायचं तो कुठं पडणार. धोटा कुठून कुठं जाणार हे सहा वर्षांच्या पोरीला कळतं तसंच. ते अजून स्वप्नात येतं. बाकीचं दिवसा आठवतं.

आता खिळा.

मॅनेजर बाहेर कुठंतरी शिबिराला जाऊन आला आणि येताना एक मोठा तक्ता घेऊन आला. वीस नंबर, बारा महिने, आणि चौकटीत लाल गोल करायचे. कुणाची पाळी कधी. "बाहेरच्या देशांत असंच करतात. शास्त्र हाय हे. त्याप्रमाणं सराव ठरवायचा." शास्त्र असेल. मी नाही म्हणत नाही. पण त्यानं तो तक्ता डॉक्टरच्या कपाटात ठेवला नाही. जेवणघरात ठोकला. वाढपी, पाण्याचा टँकरवाला, भाजीवाला, जागा बघायला येणारी लग्नाची माणसं, सगळे त्याच्याखालून हात धुवायला जायचे. कुणी कुणी थांबून वाचायचे.

आणि शास्त्र वापरलं कुणी? आमच्या आचाऱ्यानं. तो देवभोळा माणूस. सकाळी आंघोळ करून कपाळाला गंध लावायचा आणि पहिल्यांदा तक्ता बघायचा. मी ताट घेऊन गेले की चमचा मागं घ्यायचा. "सात नंबर, तू आज लोणच्याच्या बरणीला शिवू नगंस. नासतंय." मोठ्यानं, रांगेत उभ्या सगळ्यांसमोर. एकदा तर टँकरवाला म्हणाला, "आरं, सात न्हवं, आज नऊ." त्याला पाठ झालं होतं.

आम्ही तारखा खोट्या सांगायला लागलो. सगळ्यांनी एकच तारीख सांगितली. त्यामुळं आचाऱ्याचा गोंधळ उडाला. कोण शिवाशीव करतंय कळेना, म्हणून त्यानं लोणच्याची मोठी बरणीच जेवणघरातून उचलली आणि पोरींचा हात जाणार नाही अशा जागी नेऊन ठेवली. मॅनेजरच्या टेबलाच्या खालच्या खोल ड्रॉवरमध्ये; जेवणाच्या वेळी मॅनेजरच कुलूप काढून द्यायचा. आम्ही तेव्हा हसलो. त्या ड्रॉवरमध्ये आणखी काय आहे हे आम्हाला माहीत नव्हतं.

आमची मार्क्सकार्डं होती.

हंगामाच्या आधी मॅनेजर आमच्या घरी आला होता. नोंदणीसाठी वयाचा दाखला पाहिजे म्हणाला. आप्पांनी ट्रंक उघडली आणि माझं दहावीचं आणि पीयूसीचं, म्हणजे बारावीचं, ओरिजिनल मार्क्सकार्ड, शाळेचा दाखला, सगळं काढलं. चुरगळू नये म्हणून साडीच्या उरलेल्या तुकड्यात गुंडाळलं आणि त्याच्या हातात दिलं. मी कोपरानं खुणावलं, पोच मागा. आप्पांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तो गेल्यावर म्हणाले, "दारात आलेल्या माणसाला कागूद मागायचा व्हय गं? आजवर सूत आलं, साडी गेली, कवा कागूद झाला?"

आमच्या गल्लीत असंच चालतं. व्यापारी सूत टाकून जातो, विणकर साडी देऊन येतो. सगळं तोंडावर. कागद मागणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं. बाहेरचं जग असं चालत नाही हे आप्पांना माहीत नव्हतं. मला थोडं माहीत होतं, पण मीही गप्प बसले. ती आमची चूक.

मला बेळगावात बी. कॉम.ला प्रवेश मिळाला होता, झेरॉक्सवर. कॉलेजच्या ऑफिसमधल्या बाईंनी सांगितलं होतं, पहिल्या परीक्षेचा फॉर्म भरायच्या आत ओरिजिनल आणून दाखव, नाहीतर नाव कमी होईल. मी मॅनेजरला म्हणाले. तो म्हणाला, "हंगाम संपू दे की. कागद दिले की पोरी पळून जात्यात." हे तो हसत म्हणाला. बाजारात जनावरं विकणारा माणूस त्यांच्याबद्दल बोलतो तसं. नंतर कळलं, सगळ्यांचंच असं होतं. रूपाला पोलीस भरतीसाठी पाहिजे होतं, तिलाही तेच उत्तर.

एक महिना गेला, दोन गेले. मी विचारायचे, तो "उद्या" म्हणायचा. त्याच्या तोंडाला बडीशेपेचा वास यायचा. मला अजून बडीशेप चालत नाही.

मग एक दिवस तो स्वतःच म्हणाला, "तुमच्या घरी येऊया. व्हिडिओ करायचाय. विणकराची पोरगी, फुटबॉलपटू. लोकांना लई आवडतंय असलं. कार्ड घेऊनच येतो, आप्पांच्या हातात देतो."

इथं मागाबद्दल एक सांगायला पाहिजे. माग एकसारखा चालत असतो तोवर कापड एकसारखं येतं. तो मध्येच थांबवला आणि परत सुरू केला की त्या जागी कापडावर आडवी बारीक रेघ उठते. नंतर कितीही हात फिरवा, पाणी मारा, इस्त्री करा, जात नाही. म्हणून सूत तुटल्याशिवाय विणकर माग थांबवत नाही. माझ्या आत्याचे यजमान दारात आले तरी आप्पा हनुवटीनंच बसा म्हणायचे.

त्या दिवशी मागावर मोरपंखी साडी होती, लाल काठाची. कॅमेरावाले दोघं आले. मॅनेजर खांद्याला बॅग अडकवून आला. आप्पांनी मला बाजूला घेतलं. "त्या पिशवीत हाय न्हवं तुझं कार्ड?"

"हाय म्हणालेत."

"मग करूंदेत त्यांना काय करायचं ते."

कॅमेरावाला म्हणाला, आवाज फार आहे, मशीन बंद करा, मुलाखत घेऊ. आप्पांनी माग थांबवला. एक. मग म्हणाला, आता चालू करा, मुलगी मागाजवळ उभी राहील, हातात चेंडू. चालू केला. चेंडूवर उजेड पडत नाही म्हणाला, बंद करा. दोन. मग त्यानं आईला मागावर बसवलं. माझी आई मागावर कधी बसत नाही, ती कांड्या भरते. पण बाई मागावर चांगली दिसते म्हणाला. तीन. मग आप्पांना खोकायला सांगितलं. "काका, मघाशी खोकलात तसं." आप्पांना मागून खोकला येईना. चार. पाच वेळा, सहा वेळा. दर वेळी आप्पा त्या खांद्यावरच्या बॅगेकडं बघायचे आणि हात पुढं करून माग बंद करायचे. मी चेंडू धरून उभी. मला तो चेंडू त्या क्षणी इतका नकोसा झाला, मेलेली कोंबडी धरल्यासारखं वाटलं.

शेवटी मॅनेजर आईला म्हणाला, "पोरीबद्दल दोन शब्द बोला. डोळ्यांत पाणी आलं तर लई चांगलं."

आई पदरानं हात पुसत म्हणाली, "पाणी सकाळी आलतं साहेब. भरून ठिवलंय हंड्यात. पाहिजे तर घ्या."

सातव्यांदा माग थांबला तो त्यांच्या चहासाठी. चहा पिऊन झाल्यावर मॅनेजरनं बॅग उघडली. आम्ही तिघं बघत होतो. आतून त्यानं क्लबची टोपी काढली आणि आप्पांच्या डोक्यावर घातली. फोटो काढला.

"कार्ड?" मी म्हणाले.

"अगं, ऑफिसात राहिलं बघ. उद्या."

ते गेल्यावर आप्पांनी टोपी काढून खिडकीत ठेवली. साडीवरून तळहात फिरवत वरपासून खालपर्यंत आले. "सात," एवढंच म्हणाले. व्यापाऱ्यानं ती साडी घेतली नाही. आप्पांनी ती घडी करून ट्रंकेत ठेवली, कार्डाच्या रिकाम्या जागेवर.

ते मला रागानं एक शब्द बोलले असते तर बरं झालं असतं.

शेवटचा सामना आमच्या घरच्या मैदानावर होता, शनिवारी. हरलो तर क्लब खालच्या गटात जाणार. आणि सोमवारी माझ्या फॉर्मची शेवटची तारीख. आंब्याला मोहोर येऊन गेला होता, ऊन कडक व्हायला लागलं होतं. मैदानाला आलेल्यांसाठी क्लबनं पन्ह्याचं पिंप ठेवलं होतं. कपडे बदलायच्या खोलीत मात्र पाणी नव्हतं. नळ उघडला की आतून हवा यायची. दोन संडास, एकाला दार नाही. आदल्या दिवशी तिथं पोरांचे सामने झाले होते आणि कुणी पाणी ओतलेलं नव्हतं. त्या वासात आम्ही वीसजणी बूट बांधायला बसलो.

मी एक बूट बांधला. दुसरा हातात घेतला आणि आप्पांचा हात आठवला, माग बंद करायला पुढं जाणारा. सात वेळा त्यांनी थांबवला, त्या कार्डासाठी. आपण एकदा थांबवला तर काय होईल. मी बांधलेला बूट सोडला.

रूपा शेजारी हातमोजे चढवत होती. "काय झालं गं?"

"मी न्हाय जात. कार्ड आल्याशिवाय बूट घालत न्हाय."

 मग तिनं दातांनी हातमोज्याचा पट्टा सोडला आणि दोन्ही हातमोजे मांडीवर ठेवले.  बाकीच्यांच्याही एकेका बुटाची नाडी सुटायला लागली. बारीक आवाज येतो त्याचा, सूत ओढल्यासारखा.

मॅनेजर आत आला. बायकांची खोली आहे, दार वाजवायची त्याची पद्धत कधीच नव्हती. वीस पोरी अनवाणी बघून आधी हसला. "काय गं, पूजेला बसलाय?"

"कार्डं द्या साहेब," मी म्हणाले.

"आत्ता? अगं लाइव्ह हाय. पंधरा मिनटांत कॅमेरा चालू होतोय."

"मग पंधरा मिनटं हायत," रूपा म्हणाली.

त्यानं आवाज चढवला. तुम्हाला कुणी विचारत नव्हतं, मी उकिरड्यातून उचललं, सगळं म्हणून झालं. मग आवाज उतरवला. "तुम्ही आमच्या घरच्या पोरी." कोचबाई दाराशी उभ्या होत्या, परगावच्या, हंगामभर फारसं न बोललेल्या. त्या म्हणाल्या, "कागद त्यांचे आहेत. आणून द्या." आणि त्याही खाली बसल्या, फरशीवर, त्या वासात.

त्यानं कार्यालयात आचाऱ्याला फोन लावला. ड्रॉवरला कुलूप होतं आणि किल्ली त्याच्याच खिशात. आचाऱ्याला स्कूटरवरून किल्लीसाठी इकडं येऊन परत तिकडं जायला वेळ कुठं होता. त्यानं डोकं चालवलं. पत्रा कापायच्या कात्रीनं कुलपाची कडी तोडली आणि कार्डं निवडत बसायला नको म्हणून अख्खा ड्रॉवर उपसून, पंक्तीच्या चादरीत बांधून, पायाशी ठेवून घेऊन आला. आमच्या पुढ्यात बाकावर ठेवला आणि गाठ सोडली.

आधी वास आला. मग दिसलं. लोणच्याची बरणी कलंडली होती. कधीची कोण जाणे, त्या स्कूटरवर की त्याच्याही आधी. वीस पोरींची दहावी, बारावी, जन्मदाखले, सगळं लाल तेलात. मोहरीचे दाणे आमच्या मार्कांवर चिकटलेले. कार्डं एकमेकांना अशी चिकटली होती की ओले पापड सोडवावेत तशी सोडवावी लागली. कुणाच्या नावावर कैरीची फोड. माझं कार्ड साडीच्या त्या तुकड्यात होतं म्हणून एका कोपऱ्यावरच निभावलं. अकाउंटन्सीच्या मार्कांवर तांबूस डाग, बाकी सगळं वाचता येत होतं.

आचारी मागं सरकला. "आज कुणी शिवलीय का बघा," असं काहीतरी पुटपुटला.

"वीसच्या वीस शिवलोय," रूपा म्हणाली. "घेऊन जा तुझी बरणी."

तिचं कार्ड सगळ्यात खाली होतं. तिनं ते हातमोज्यानं पुसलं, पुसत राहिली, नाव दिसेपर्यंत. मग आम्ही कार्डं कोचबाईंच्या पिशवीत ठेवली, बूट घातले आणि मैदानात गेलो. एकही मिनिट उशीर झाला नाही.

सामन्यात दुसऱ्या अर्ध्यात लांबून एक साधा चेंडू आला. रूपा असले चेंडू डोळे मिटून धरायची. तिनं तो धरला आणि तो हातांतून साबणासारखा सटकून मागं गेला. तेल. ती गोलाच्या रेषेवर वळून बघत राहिली. मग हातमोजा नाकाला लावला आणि मला लांबून दाखवला. मला हसू आलं. एक-शून्य. आम्ही हरलो आणि क्लब खालच्या गटात गेला. पुढच्या वर्षी तो राहिलाच नाही.

सोमवारी कॉलेजच्या खिडकीत बाईंनी कार्ड दोन बोटांत धरलं. "हे काय आहे?"

"लोणचं."

"मार्क्सकार्डावर?"

"व्हय मॅडम. खेळत होते मी."

त्यांना काही कळलं नाही. पण आकडे झेरॉक्सशी जुळत होते. शिक्का मारला आणि कार्ड परत दिलं.

आता परवाचं. अक्षता पडल्या, पंक्ती बसल्या. सत्कार सुरू झाले, फेटे, नारळ. माइकवरून त्याचं नाव आलं तेव्हा मी मान वर केली. फेटा बांधलेला मॅनेजर, तिकडच्या लोकांनी बोलावलेला. क्रीडाक्षेत्रातलं योगदान वगैरे. आता कुठल्यातरी समितीवर आहे म्हणे. नारळ काखेत धरून तो जेवायला आला आणि मला बघून समोरच्या खुर्चीवर बसला.

"सात नंबर न्हवं का तू? तुझा व्हिडिओ अजून लोक बघत्यात. काय करतीस आता?"

"कॉलेजात हाय. ऑफिसला."

"बघा," शेजारच्याला म्हणाला, "आमची पोरगी. आम्ही घडवलेली." बडीशेपेचा वास टेबलावरून इकडं आला.

वाढपी लोणचं घेऊन आला होता. मी त्याच्या हातातला चमचा घेतला. "साहेब, लोणचं वाढू का?"

"वाढ की."

मी वाढलं. एक चमचा, दुसरा, तिसरा. त्याचा भात लाल झाला तोवर. तो बास बास म्हणत हसत होता. त्याला खरंच काही आठवत नव्हतं. त्यानं बोटानं तेल निपटून चाटलं. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. तसं काही झालं नाही. मी माझं ताट तसंच ठेवून उठले.

जाताना वधूपक्षात डोकावले. रूपा पलंगावर बसून जेवत होती, मुंडावळ्या कानामागं सरकवून. मी जेवणघरातून येताना एक काम केलं होतं, ते तिच्या मुठीत दिलं. तिनं मूठ उघडली. खिळा.

"कशानं काढलास गं?"

"हातानं. सैल झालता."

तिनं तो रुखवताच्या डब्यात टाकला.

घरी येऊन ट्रंक उघडली. कार्ड अजून वास मारतं. वर्षं झाली, मोहरी आणि हिंग, आणि त्याच्या मागं खळीचा आंबूस वास, कारण ते अजून त्याच तुकड्यात आहे. खाली मोरपंखी साडी. आमच्या कॉलेजच्या ऑफिसात आता मी त्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसते. पोरं ओरिजिनल घेऊन येतात, त्यांचे आईबाप बाहेर उभे असतात, हात जोडून, आप्पांसारखे. मी कागद बघते, झेरॉक्सशी ताडते, शिक्का मारते आणि त्यांच्यासमोरच परत देते. एकही ओरिजिनल माझ्या ड्रॉवरमध्ये राहत नाही. कुणी बापडा "राहूंदे की मॅडम, विश्वास हाय," म्हणाला तर मी त्याला रागावते.

पदवीदानाला मी ती साडी नेसले होते. आईनं निऱ्या घातल्या आणि त्या घालताना सातही रेघा आतल्या बाजूला जातील असं बघत होती. मी म्हणाले, राहू दे बाहेर. आप्पा शेवटच्या रांगेत बसले होते. लांबून रेघा दिसत नाहीत, पण त्यांना माहीत होतं त्या कुठं आहेत.

मी बी. कॉम. झाले, फर्स्ट क्लासमध्ये. आमच्या घरातली पहिली.